मुक्ती कोणाची, मालकी कोणाची?

दरवर्षी 17 सप्टेंबरला धाराशिव जिल्ह्यात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते. त्या रांगेत आपली मुलेही उभी असतात. घरी परतल्यावर एखाद्याने विचारले की, ही मुक्ती कोणाची होती, तर आपण काय उत्तर देणार?

1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द एकच, पण त्याचे अर्थ अनेक होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्टेट काँग्रेसला जबाबदार राज्यपद्धती आणि भारतात विलीनीकरण हवे होते. मराठी भाषकांना आपल्या भाषेतील शिक्षण हवे होते, कारण कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत होते. 1941 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी कसबे तडवळे येथे आले. त्या समाजापुढे गावकीच्या वेठीचा प्रश्न होता आणि केवळ राजा बदलल्याने तो सुटणारा नव्हता.

रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. त्याच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे स्वतंत्र हैदराबाद. ‘अनल मलिक’, म्हणजे मीच राजा, अशी इत्तेहादुल मुस्लिमीनची शिकवण होती. खेड्यातल्या गरीब मुसलमानाच्या हाती मात्र कोणतेच राज्य नव्हते. शिवाय खरा मलिक अल्लाह आहे, हे तर आपल्या श्रद्धेचे मूळ. माणसाने माणसावर मालकी सांगावी आणि तिला स्वातंत्र्य म्हणावे, हे तौहीदशी कसे जुळावे?

सत्ता जाईल तेव्हा आपले काय होईल, ही भीती मात्र निराधार नव्हती. पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर जे गुदरले, ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश होता. मुस्लिम शेजाऱ्यांचे प्राण वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला.

मग आपण काय स्मरावे? रझाकारांचा जुलूम की नंतरचा? सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीची शिकवण अशी की, कोणाविषयीच्या वैरानेही आपण न्यायापासून ढळू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करण्यास सांगितले आणि ती मदत म्हणजे त्याचा हात रोखणे, असा खुलासाही केला. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहून आपल्याच बांधवांचा हात रोखू पाहिला. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली.

म्हणून मुलांना दोन्ही जुलूम सांगावेत. एकाच्या आठवणीने दुसऱ्याचे समर्थन होत नाही. आपल्या स्वातंत्र्याची कसोटी शेजाऱ्याच्या दारात लागते: तो आपल्यापासून निर्भय आहे काय, आणि आपण त्याच्यापासून? उत्तर होकारार्थी असेल, तर ती मुक्ती सर्वांची आहे.