आधी अप्पांची बीपीची गोळी सुरू कर

बस इथं, आणि तो मोबाईल आधी खिशात घाल. त्याच्यापायीच हे रामायण झालंय. ‘ड जीवनसत्त्व घ्या, हार्ट अटॅक टाळा’ हा निरोप तू गावाच्या ग्रुपवर टाकलास. कळंब तालुक्यात पोरांना विज्ञान शिकवणारा मास्तर तू. तुझं नाव बघूनच लोकांनी तो खरा मानला. तुझ्या अप्पांनीही मानला. बीपीची गोळी बंद केली आणि दर रविवारी ६०,००० युनिटची पुडी दुधातून सुरू केली. किती महिने झाले, घरात कुणाला पत्ता नाही. काल वरचं बीपी १८० भरलं. लाज वाटायला हवी तुला.

हेच शिकवलं होतं का मी? ज्यांच्या रक्तात ड कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं आहे. पण मग कमी का, हे विचारायला नको? वजन वाढलेला, आजारानं खचलेला माणूस उन्हात जातच नाही. शिवाय ड चरबीत अडकून राहतं. म्हणजे ड उतरलं म्हणून आजार आला, की आजारपणामुळं ड उतरलं? नुसत्या रक्ततपासणीवरून ते ठरत नाही. त्यासाठी एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी द्यावी लागते. अमेरिकेत तशी चाचणी झाली, ‘व्हायटल’ नावाची. २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून जास्त काळ. नोव्हेंबर २०१८ मध्ये निकाल आला: हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराचे मृत्यू, काहीही घटलं नाही. ‘त्यांना कमतरताच नसेल’ असं म्हणशील, तर ज्यांचं ड मुळात कमी होतं त्यांनाही वेगळा गुण आला नाही. त्याआधी न्यूझीलंडमध्येही हेच दिसलं होतं.

ती पुडी म्हणजे प्रसाद नव्हे. डॉक्टर ती ठरावीक आठवडे देतात आणि थांबवतात. अंगात जास्त साठलं की रक्तात कॅल्शियम चढतं. तहान, ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, बरळणं, आणि मूत्रपिंडाला इजा.

मी ड ला नावं ठेवत नाही. ते कमी पडलं तर हाडं दुखतात, मांड्यांत बळ राहत नाही, पोरांचे पाय वाकतात. आणि आपल्या धाराशिवात उन्हाला काय तोटा, असं म्हणून हात झटकू नकोस. सोयाबीन काढणाऱ्या बाया बघ: लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला फडकं. दिवसभर रानात असून कातडीला ऊन कितीसं लागतं? सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण ड बनवणारे किरण त्यात नावापुरते असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ते पुरेसे मिळतात. खिडकीच्या काचेतून तर येतच नाहीत. हिवाळ्यात दुपारी हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावं. आपल्या एप्रिल-मेच्या रखरखाटात हा उद्योग करू नये. एवढं साधं तरी लिहिलं असतंस!

हृदयाचं म्हणशील तर अप्पांच्या चंचीतला तंबाखू तुला रोज दिसतो. ताटातलं पापड-लोणचं दिसतं. त्यावर कधी एक शब्द बोलला नाहीस. बाहेरून आलेला निरोप मात्र न वाचता पुढं ढकललास.

ऊठ आता. अप्पांना आजच्या आज आरोग्य केंद्रात ने. उरलेल्या पुड्या डॉक्टरांपुढं ठेव, गोळी कधीपासून बंद आहे ते खरं सांग, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासायचं का ते विचार. मग ज्या ज्या ग्रुपवर तो निरोप टाकलास, तिथं स्वतःच्या नावानं लिही की मी चुकीचं सांगितलं. आणि लिहून भागणार नाही. गावात आणखी कुणी बीपीची गोळी सोडलीय, हे घरोघर जाऊन विचारून ये.