चोवीस सेलांतला एक

कोल्हापुरात गोल्फ खेळणारे किती हा प्रश्न बाजूला ठेवू, पण गोल्फकार्ट आता इथे सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. लॉन असलेलं मंगल कार्यालय, पन्हाळ्याच्या वाटेवरचं एखादं रिसॉर्ट, कारखान्याचं लांबरुंद आवार, कुठेही बघा. पाहुण्यांना गेटपासून आत न्यायला ती बिनदारांची गाडी उभी असते. लोक तिला सरळ ‘बॅटरीची गाडी’ म्हणतात. पहिली काही वर्षं ती बिनतक्रार फिरते. मग एखाद्या लग्नात, रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी काढलेली गाडी पहिल्या पंगतीलाच दम टाकते. चढावर वऱ्हाडाला उतरून चालावं लागतं. मालक तिथल्या तिथे निकाल देतो : बॅटरी बसली, सगळा संच बदला.

हा निकाल महागात जातो, आणि बरेचदा तो अर्धाच खरा असतो.

या गाड्यांत बहुधा 48 व्होल्टचा संच असतो. लिथियमच्या गाड्या आता येऊ लागल्या आहेत, पण पाणी घालायच्या शिशाच्या बॅटऱ्या अजून पुष्कळ आहेत. आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, प्रत्येकीत चार सेल, असे एकूण चोवीस सेल एकापुढे एक सिरीजमध्ये जोडलेले. गास्ताँ प्लांते या फ्रेंच संशोधकाने 1859 मध्ये शिशाच्या प्लेटा गंधकाम्लात बुडवून जी बॅटरी केली, तिचंच हे घराणं. सिरीजचा नियम कडक असतो : पहिल्या सेलमधून जेवढा करंट जाईल, तेवढाच चोविसाव्यातून गेला पाहिजे. कुणाला सवलत नाही.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींना अशी गाडी तपासताना मी पाहिलं आहे. सीट उचलायच्या आधी त्यांनी हातातलं स्टीलचं कडं आणि बोटातली अंगठी काढून खिशात टाकली. पाना किंवा कडं दोन टर्मिनलांवर आडवं पडलं तर कातडी जळेपर्यंत वेळ लागत नाही. मग मीटर लावला. सगळ्या संचाचे मिळून पन्नास व्होल्टच्या जरा वर. मालक म्हणाले, “बघा की, व्होल्टेज तर हाय!” मेस्त्री मान वर न करता म्हणाले, “उभ्या गाडीला सगळ्यांच्याच अंगात जोर असतोय. चढाला लावा, मग कळंल.”

गाडीत दोन माणसं बसवली आणि शेडमागच्या चढावर ती वरखाली फिरवली. मीटरच्या वायरी चिमट्यांनी एकेका बॅटरीला लावायच्या, आकडा बघायचा, खडूने झाकणावर लिहायचा. पाच बॅटऱ्या साडेसातच्या खाली उतरल्या नाहीत. एक मात्र चढ लागला की सहाच्याही खाली जायची. तिची बुचं उघडून ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवला. तीन सेलांत 1.250 च्या आसपास, चौथ्यात 1.150. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये हा आकडा 1.265 च्या जवळ असतो. चोवीस सेलांतला एक सेल सापडला. उभ्या गाडीच्या एकूण बेरजेत त्याची उणीव एका व्होल्टचीही नव्हती, म्हणून ती इतके दिवस कुणाला दिसली नाही.

त्या सेलचं पुढे काय होतं, हे मला सगळ्यात विचार करण्याजोगं वाटतं. गाडी चालताना तो सगळ्यांच्या आधी रिकामा होतो. बाकीचे तेवीस अजून भरलेले असतात, ते करंट ढकलत राहतात, आणि रिकाम्या सेलमधून तो जबरदस्तीने जाऊन त्याची धन-ऋण बाजूच उलटू लागते. रात्री चार्जिंगला लावलं तर उलटी तऱ्हा. धडधाकट सेल आधी भरतात, त्यांचं पाणी वायू होऊन उडायला लागतं, चार्जर समजतो काम झालं, आणि ज्याला खरी गरज तो अर्धपोटीच राहतो. दुसऱ्या दिवशी तो आणखी आधी रिकामा होतो. म्हणजे कमजोर सेल दिवसा मार खातो, रात्री उपाशी झोपतो, आणि त्याच्या पायी चांगलेही बिघडतात. घरातसुद्धा ‘कसं काय, सगळं ठीक?’ असं एकत्र विचारलं की ‘ठीक’ असंच उत्तर येतं. कोण थकलंय ते ज्याला-त्याला वेगळं विचारल्यावर कळतं. सेलला तर बोलताही येत नाही, त्याला आकडाच विचारावा लागतो.

आता तो सेल बिघडतो कशाने? आमच्याकडचं एक कारण पंचांगात आहे. आषाढात लग्नं थांबली की गाडी शेडमध्ये जाते ती तुळशीचं लग्न होईपर्यंत बाहेर येत नाही. चार महिने बाहेर कोल्हापूरचा पाऊस आणि आत गाडी तशीच उभी, अर्धवट उतरलेली. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरत जाते, त्यात गाडीचं कुठलंतरी सर्किट थोडं थोडं पीत असतंच. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि मग कितीही चार्ज करा, ती जागा कामाला येत नाही. मेन स्विच बंद करायचा, पूर्ण भरून ठेवायची, महिन्यातून एकदा चार्जिंगला लावायची, एवढ्याने हे टळतं. पण बंद शेडकडे कोण जातो?

दुसरं कारण आपल्या डोक्यात आहे. ‘बॅटरी पार उतरू द्यावी, मगच चार्ज करावी’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. तो कधीच कालबाह्य झाला, तरी चहाच्या गाड्यावर अजून ठणकावून सांगितला जातो. लिथियमवाल्यांचं शास्त्र वेगळं, ती बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर ठेवू नये म्हणतात. शिशाच्या बॅटरीला मात्र पोट भरलेलं असणंच मानवतं. निम्म्याच्या खाली ती वारंवार उतरवली की आयुष्य झपाट्याने घटतं.

पाण्याचंही तसंच. बोअरचं किंवा नळाचं पाणी घालू नये, डिस्टिल्डच घालावं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतंच आधी घालायचं आणि बाकीचं चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं, टर्मिनलांवर पांढरी-हिरवट बुरशी धरते, आणि मग म्हणायचं की बॅटरीत दम नाही. ही बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. धुताना बुचं मात्र घट्ट लावलेली हवीत. पाणी कमी झालं म्हणून वरून ॲसिड ओतणारेही भेटतात. त्यांना हात जोडावेत. आणि चार्जिंगच्या खोलीत विडी-सिगारेट नको, तिथे हायड्रोजन सुटत असतो.

कधी कधी बॅटरीचा यात काहीच दोष नसतो. ब्रेक चिकटून चाक जड फिरतं, टायरमध्ये हवा कमी असते, वायरीचा एखादा सांधा ढिला होऊन तापत असतो, नाहीतर चार्जरच अर्ध्यातून हात आखडतो. हे तपासायला फार पैसे लागत नाहीत. म्हणून लोक ते शेवटी तपासतात.

त्या दिवशी मेस्त्रींनी दोषी बॅटरी बदलायला सांगितली, कारण संच तसा नवाच होता. जुन्या संचात एक कोरी बॅटरी घालू नये, असंही सांगितलं. ती बाकीच्यांच्या चालीने चालते आणि त्यांच्याइतकीच लवकर म्हातारी होते. अशा वेळी सगळा संच बदललेला बरा, आणि जुना परत घ्यायला दुकानदाराला सांगावं, शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर नव्या संचाची ऑर्डर देण्याआधी प्रत्येक बॅटरीचा लोडवरचा आकडा वेगवेगळा कागदावर लिहून मागा. आणि आज गाडी थोडीच फिरली असली तरी रात्री चार्जिंगला लावा.