नव्या नळीस जुना बोल्ट

जुन्या वस्तूचे भाग एकामागून एक बदलत गेले म्हणजे ती वस्तु तीच राहते कीं दुसरी होते, हा वाद फार जुना आहे. थीसियसच्या गलबताच्या कुजलेल्या फळ्या काढून अथेन्सच्या लोकांनीं तेथें नव्या बसविल्या, आणि तें गलबत तेंच कीं निराळें याविषयीं तत्त्वज्ञांत दोन पक्ष पडले, असें प्लुटार्कनें लिहून ठेविलें आहे. आपल्याकडे नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास रथाचा दाखला देऊन विचारलें कीं, चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? परंतु हा वाद बहुधा नांवापुरता चालतो. त्या गलबतांत बसून जो समुद्रांत जाणार, त्याला गलबतास कोणतें नांव शोभेल यापेक्षां कोणती फळी कुजली आहे याची चिंता अधिक असणार. आज आम्ही या प्रश्नाकडे त्या खलाशाच्या बाजूनें पाहणार आहों, आणि त्यासाठीं उदाहरण घेतलें आहे तें जुन्या रायफलीचें. ज्या घरांत बंदूक कधीं आली नाहीं अशाच घरांत हे लेख बहुतेक वाचले जातात हें आम्ही जाणतों. म्हणून यंत्राची थोडी ओळख प्रथम करून देणें अवश्य आहे.

ज्या जातीच्या रायफलीविषयीं आम्ही बोलत आहों तिचा प्रसिद्ध नमुना म्हणजे जर्मनींतील पॉल माउझर याची १८९८ सालची रायफल. तिच्या नळीच्या मागच्या टोंकास पोलादाचें एक घर असतें; त्यास रिसीव्हर म्हणतात, आणि नळी त्यांत आट्यांनीं पिळून बसविलेली असते. या घरांत मागेंपुढें सरकणारा पोलादी दांडा म्हणजे बोल्ट. तो पुढें ढकलून त्याची मूठ खालीं वळविली कीं त्याच्या तोंडाजवळचे दोन कान रिसीव्हरमधील खांचांत अडकतात, आणि काडतुसाच्या पाठीमागें दार बंद होऊन अडसर पडतो. दारू पेटली म्हणजे आंतील दाब दर चौरस इंचास सुमारें ५०,००० पौंडांपर्यंत जातो. तो गोळीस पुढें लोटतो तसाच बोल्टास मागें लोटतो. आणि त्या बोल्टाच्या मागें कांहीं इंचांवर नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

नळी झिजते. हजारों बार झाल्यावर तापलेल्या वायूंनीं ती आंतून खाल्ली जाते, नेम चुकूं लागतो, आणि मालक बंदूक कारागिराकडे नेऊन नवी नळी घालून घेतो. यांत नीतीचा प्रश्न कसला, असें कोणी म्हणेल. परंतु नव्या नळींत काडतुसासाठीं जी जागा कोरावयाची, तिची खोली बंद केलेल्या बोल्टाच्या तोंडापासून मोजतात. कारागिराजवळ दोन मापें असतात; एकावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होतां कामा नये, आणि दोहोंतील अंतर इंचाच्या कांहीं सहस्रांशांचें. जागा फाजील झाली तर काडतुसाचें पितळ ताणून फुटतें आणि पेटलेला वायु उलट मागें येतो. म्हणजे नळी नवी असली तरी तिचें माप घेतलें जातें तें बोल्टावरून. म्हणून बोल्ट ठेवावा कीं बदलावा याचा निर्णय नळीच्या वेळींच करणें बरें; पुढें तो बदलला तर तीं मापें पुन्हां लावून पाहावीं लागतात, आणि न जुळल्यास नळीचें काम पुन्हां काढावें लागतें.

बोल्टाचे लहान भाग बदलण्याविषयीं कोणी वाद घालीत नाहीं. आंतील स्प्रिंग वर्षानुवर्षें दबून मऊ पडते. मग काडतुसाच्या बुडावर आघात पुरेसा होत नाहीं, आणि बार उशिरां होतो किंवा मुळींच होत नाहीं. आघात करणाऱ्या पिनेचें टोंक खडबडीत झालें तर तें टोपीस भोंक पाडतें. रिकामें काडतूस ओढून काढणारा पंजा झिजतो. हे भाग स्वस्त आहेत, ते बदलतांना कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाहीं. वाद पेटतो तो मुख्य दांड्याविषयीं. जर्मन सैन्याच्या रायफलींवर रिसीव्हरचा नंबर बोल्टावर आणि लहानसहान भागांवरहि ठोकलेला असे. हे सर्व नंबर जुळत असले म्हणजे संग्राहक हर्षभरित होतो आणि किंमत चढते. बोल्ट निराळ्या नंबराचा निघाला कीं ती उतरते. आम्ही संग्राहकास हंसत नाहीं. भिंतीवर टांगलेल्या रायफलीचें सत्य तिच्या नंबरांतच आहे. ती एक ऐतिहासिक लेख आहे, आणि लेखांतील अक्षर बदलूं नये हें योग्यच. मात्र नवी नळी कोणी भिंतीसाठीं घालीत नाहीं.

इंग्रजांच्या ली-एन्फिल्ड रायफलींत ही अडचण बांधणीनेंच बरीचशी सोडविलेली दिसते. तिच्या बोल्टाचें डोकें निराळें असून आट्यांनीं बसतें. दुसऱ्या महायुद्धांतील चौथ्या क्रमांकाच्या रायफलीसाठीं तर ० पासून ३ पर्यंत चार मापांचीं डोकीं तयार असत, आणि आर्मोरर लावून पाहून जुळेल तें बसवी. नंबर दांड्याच्या मुठीवर असे, डोक्यावर नसे. म्हणजे रायफलीची ओळख एका तुकड्यांत आणि तिचें माप दुसऱ्या तुकड्यांत, अशी ही वांटणी होती. याच घराण्यांतील .३०३ रायफली बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत तयार होत, आणि त्या आपल्या पोलिसांच्या हातीं अनेक दशकें राहिल्या. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनस स्थानकावर हल्ला झाला तेव्हां तेथील कांहीं पोलिसांजवळ .३०३ च होती. जुनें हत्यार दुसऱ्याच्या हातीं देणाऱ्यानें काय पाहावें, हा प्रश्न आम्हांसहि परका नाहीं.

त्याचें सर्वांत बोधक उदाहरण मात्र अमेरिकेंतलें आहे. तेथील सैन्याची १९०३ सालची स्प्रिंगफील्ड रायफल माउझरच्याच धर्तीवर बांधलेली. १९१७ सालीं तिचे कांहीं रिसीव्हर बार होतांच फुटले. काडतुसांचाहि दोष होता. परंतु चौकशींत असें आढळलें कीं, घडाईच्या भट्टींत पोलाद किती तापलें हें कारागीर रंग पाहून डोळ्यांनीं ठरवीत, आणि उन्हाच्या दिवशीं जो रंग ते योग्य समजत तो ढगाळ दिवसाच्या त्याच रंगापेक्षां ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत अधिक तापाचा असे. कारागीर अनुभवी होते, निष्काळजी नव्हते. फक्त आकाश बदलत होतें. असें जळालेलें पोलाद वरून निर्दोष दिसतें, परंतु ठिसूळ असतें. १९१८ च्या आरंभीं तापमापक यंत्रें येऊन रीत सुधारली. तोंपर्यंत स्प्रिंगफील्ड येथून ८,००,००० च्या खालील आणि रॉक आयलंड येथून २,८५,५०७ च्या खालील नंबरांच्या रायफली बाहेर पडल्या होत्या, आणि त्यांचे मूळचे बोल्टहि जुन्याच रीतीनें तापविलेले होते.

१९२७ सालीं एका मंडळानें या सर्व रायफली सैन्यांतून काढून घ्याव्या अशी शिफारस केली. १९२८ सालीं ब्रिगेडियर जनरल सॅम्युएल हॉफ यांनीं ती मानली नाहीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: यांतील कांहीं रायफलींनीं आजवर कित्येक नळ्या झिजविल्या आहेत, ज्या शिपायांच्या हातीं आहेत त्या राहूं द्या, कोठारांतून मात्र नव्यानें देऊं नका, आणि दुरुस्तीस परत आल्या तर रिसीव्हर मोडींत काढा. ज्युलियन हॅचर यांच्या १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत १९१७ ते १९२९ पर्यंत रिसीव्हर फुटल्याच्या ६८ घटनांची नोंद आहे. दहा लाखांहून अधिक रायफलींत ६८. हिशेबनीसाच्या दृष्टीनें हा आंकडा नगण्य म्हणावा लागेल.

कित्येक नळ्या झिजविल्या हा युक्तिवाद आम्हांस विशेष विचार करण्यासारखा वाटतो, कारण आपणहि रोजच्या व्यवहारांत तो करतों. इतकीं वर्षें टिकलें तें चांगलेंच असलें पाहिजे, असें आपण जुन्या जिन्याविषयीं, जुन्या पुलाविषयीं म्हणतों. जें झिजतें त्याच्याविषयीं हें कांहीं अंशीं खरें आहे. मऊ पोलादाचे कान हळूहळू दबतात, रिसीव्हरच्या खांचेंत खळगा पडतो, मूठ उचलतांना जड लागते, माप वाढतें. रायफल आपला म्हातारपणा सांगत असते आणि ऐकणारा ऐकूं शकतो. ठिसूळ पोलाद असें कांहींच सांगत नाहीं. त्याचें माप शेवटच्या बारापर्यंत बरोबर येऊं शकतें. पांच नळ्या झिजल्या यावरून पांच नळ्यांच्या आयुष्यांत दुष्ट काडतूस भेटलें नाहीं एवढेंच सिद्ध होतें.

हॉफ यांच्या निर्णयाचा दुसरा भाग प्रथम वाचतांना विसंगत वाटतो. शिपायाच्या हातांत जी चालते ती कारखान्याच्या टेबलावर आली कीं मोडींत कां जावी? पोलाद तर तेंच. तरीहि या भेदाच्या मुळाशीं कांहीं खरें आहे असें आम्हांस वाटतें. जोंपर्यंत बंदूक कोणी उघडली नव्हती तोंपर्यंत तिचा जुना भाग तेथें काळानें ठेवलेला होता; ती उघडून, नळी पिळून काढून, सर्व भाग समोर मांडल्यावर जो जुना भाग पुन्हां आंत जातो तो कारागिरानें ठेवलेला असतो. नव्या भागाची जबाबदारी आपण घेतों हें सर्वांस कळतें. न बदललेल्या भागाचीहि त्याच क्षणीं घ्यावी लागते हें सहसा कळत नाहीं. पण याच न्यायानें हॉफ यांच्या निर्णयांतील उणीवहि दिसते. वरिष्ठांनीं नंबरांची यादी डोळ्यांखालून घातली तेव्हांच त्या सर्व रायफली एका अर्थीं उघडल्या गेल्या होत्या. धोका पत्करणें हा कांहीं गुन्हा नव्हे. सैन्य धोक्यावरच चालतें. परंतु हा धोका ज्याच्या गालाशीं होता त्या शिपायास आपली रायफल निवडण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांस अधिकार होता त्यांचा गाल तेथें नव्हता.

अशा रायफली आजहि खासगी मालकांजवळ आहेत, आणि नव्या नळीसाठीं कारागिराकडे येतात. येथें एक मोह असतो. नवी स्प्रिंग, नवी पिन, सुधारलेल्या पोलादाचा नवा बोल्टसुद्धां घातला कीं मनास वाटतें कीं आपण पुष्कळ केलें. पण नवा बोल्ट जुन्या रिसीव्हरचा ठिसूळपणा घालवीत नाहीं, आणि जळालेलें पोलाद पुन्हां तापवून खात्रीनें सुधारतां येत नाहीं. अशा वेळीं प्रामाणिक कारागिरानें नळी बसविण्याचें नाकारावें, मजुरी बुडाली तरी. मालक म्हणेल, मी ती टांगूनच ठेवणार आहें. परंतु टांगणाऱ्यास नव्या नळीची गरज काय, हें त्यानें विचारावें, आणि मालकामागून ती मुलाच्या किंवा गिऱ्हाइकाच्या हातीं जाईल हें ध्यानांत घ्यावें.

जेथें रिसीव्हर निर्दोष आहे तेथें गोष्ट सोपी. चुंबकीय भुकटीनें बोल्टाच्या कानांच्या मुळाशीं चीर आहे कीं काय तें पाहावें. नसेल आणि मापें जुळत असतील तर जुना बोल्ट खुशाल ठेवावा, केवळ जुना म्हणून टाकूं नये. चीर असेल तर नवा घालून मापें पुन्हां लावावीं. मग जुना बोल्ट वितळवावा असें आम्ही म्हणत नाहीं. तेल लावून, कापडांत गुंडाळून, त्याच्या नंबरासह तो रायफलीच्या पेटींतच राहूं द्यावा. फक्त बरोबर एक चिठ्ठी असावी, आणि तींत कोणत्या सालीं, कोणत्या कारणानें तो काढला आणि हल्लींच्या नळीचें माप कोणत्या बोल्टावर घेतलें आहे, हें दहा वर्षांनीं पेटी उघडणाऱ्या अनोळखी माणसास वाचतां येईल अशा अक्षरांत लिहिलेलें असावें.