भाराची मात्रा

क्रीडावैद्यक आणि स्नायू-अस्थिवैद्यक ही जोडशाखा म्हटली की मैदानावर पडलेल्या खेळाडूकडे धाव घेणारा, दुखऱ्या जागी फवारा मारून त्याला पुन्हा उभा करणारा डॉक्टर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो. परंतु त्या काही क्षणांच्या धावपळीपलीकडे या डॉक्टरचे जे खरे काम असते, ते मोजमापाचे आणि धीराचे असते. हाडे, सांधे, स्नायू, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे अस्थिबंध यांच्यावर किती भार पडावा, तो कधी उतरवावा आणि कोणत्या गतीने पुन्हा चढवावा, हा या शाखेचा मध्यवर्ती प्रश्न आहे. भार हेच या शाखेचे मुख्य औषध असून, कोणत्याही औषधाप्रमाणे त्याची मात्रा कमी पडली तरी अपाय होतो आणि जास्त झाली तरी होतो. दुखापतीवर संपूर्ण विश्रांती हाच उपाय मानणाऱ्या समाजाला आणि झटपट आरामाची सवय लागलेल्या वैद्यकव्यवहाराला ही गोष्ट पटवून देणे, हे या डॉक्टरचे सर्वांत अवघड कर्तव्य आहे.

या भूमिकेचा पाया शरीरशास्त्रात आहे. हाड आपल्यावर येणाऱ्या भाराच्या दिशेप्रमाणे आणि प्रमाणाप्रमाणे आपली अंतर्रचना बदलत राहते, हा सिद्धान्त जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला, आणि अंतराळात दीर्घकाळ राहणाऱ्या यात्रींच्या कंबर व मांडीच्या हाडांची घनता दरमहा सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, यावरून भाराचा अभाव हाडाला किती बाधतो हे स्पष्ट झाले. मात्र ही पुनर्रचना वेळ घेते. नव्या भाराला सामोरे जाताना हाडातील जुना भाग आधी काढला जातो आणि त्या जागी नवा भाग नंतर घडतो. काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, घडण्याचे काम महिनोन्‌महिने चालते. या मधल्या काळात भार एकाएकी वाढला, तर हाडात सूक्ष्म भेगा पडतात. प्रशियाच्या लष्करातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांबच्या कूचीनंतर सैनिकांच्या पावलांवर येणाऱ्या वेदनायुक्त सुजेची नोंद केली होती, आणि १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर तिच्या मुळाशी पावलाच्या हाडातील अशीच भेग असल्याचे उघड झाले.

महाराष्ट्रात याच प्रक्रियेचे आजचे रूप पोलीस भरतीच्या तयारीत दिसू शकते. शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते; जाहिरात निघाली की एरवी न धावणारा तरुण पहाटे उठून डांबरी रस्त्यावर, अनेकदा झिजलेल्या बुटांनी, रोज धावू लागतो आणि काही आठवड्यांत त्याची नडगी दुखू लागते. ते दुखणे दाबून धावत राहिल्यास भेगेचे रूपांतर पुरत्या मोडीत होण्याचा धोका असतो. अशा तरुणाला डॉक्टरने केवळ वेदनाशामक गोळी लिहून देणे म्हणजे शरीराने दिलेली सूचना पुसून टाकणे होय. त्याच्या गेल्या दोन महिन्यांच्या धावण्याचा हिशेब मागणे, आहार आणि झोप विचारणे, मुलगी असल्यास मासिक पाळी नियमित आहे का याची चौकशी करणे आणि मग धावण्याचे नवे वेळापत्रक आखून देणे, हा खरा उपचार आहे.

विश्रांतीविषयीची समजूत बदलायला वैद्यकालाही वेळ लागला. अमेरिकी वैद्य गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि दुखरा अवयव उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री मांडली आणि ती जगभर रूढ झाली. पुढे बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते, असे स्वतः मिर्किन यांनीच मान्य केले. कंडरांच्या बाबतीत तर विचार जवळजवळ उलटा झाला. टाचेवरची जाड कंडरा दीर्घकाळ दुखत असेल, तर तिला जपावे असा प्रघात असताना, स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा १५ हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा भारयुक्त व्यायाम दिवसातून दोनदा, बारा आठवडे करायला लावला. व्यायाम करताना दुखले तरी थांबू नये, असेही त्यांना सांगितले होते. ते सर्व जण पुन्हा धावू लागले. प्रयोग लहान होता आणि नंतरच्या अभ्यासांनी त्याच्या तपशिलात बदल सुचवले, तरी जुनाट दुखऱ्या कंडरेला विचारपूर्वक दिलेला भार बळ देतो, हे त्यातले सूत्र टिकून राहिले.

मात्रा ठरवायची तर आधी निदान हवे, आणि येथे या डॉक्टरला चित्राच्या मोहाशी झगडावे लागते. कंबर दुखू लागली की एमआरआय काढायचा आणि अहवालात मणक्यातील गादी सरकल्याचे वाचून आयुष्यभर वाकणे सोडायचे, हा आता शहरी मध्यमवर्गाचा परिचित प्रवास झाला आहे. परंतु ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वयाच्या विशीतही ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज असल्याचे दिसले. चित्रातील प्रत्येक बदल हा आजार नसतो, आणि चित्र दुरुस्त केल्याने माणूस बरा होतोच असेही नाही. ह्यूस्टन येथील ब्रूस मोझली यांच्या गटाने गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांपैकी काहींवर दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींच्या त्वचेवर नुसते छेद घेतले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतरही खऱ्या शस्त्रक्रियेचा गट अधिक बरा नव्हता. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा मुळीच नाही: हाड सरकून मोडले, सांधा अडकून बसला, कंडरा पुरती तुटली, पाय बधिर होऊन त्यातील शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर विलंब घातक ठरतो, आणि अशी लक्षणे वेळेत ओळखून रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे पाठवणे हाही या डॉक्टरच्या कौशल्याचाच भाग आहे. अन्यथा त्याची भिस्त रुग्णाचे सविस्तर बोलणे ऐकण्यावर, सांधा हाताने तपासण्यावर आणि त्याला चालायला, बसायला, उडी मारायला लावून नेमक्या कोणत्या भाराला वेदना उमटते ते पाहण्यावर असते.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याचा विचार टाळता येणार नाही. बारा आठवड्यांचा व्यायाम ही ज्याची नोकरी सुरक्षित आहे त्याची चैन आहे. रोजंदारीवरचा सुतार, गवंडी किंवा दिवसभर कणीक तिंबणारी पोळ्या लाटणारी बाई यांना उद्याच हात चालवायचा असतो, म्हणून त्यांना इंजेक्शन देऊन मोकळे करणे अधिक माणुसकीचे नाही का, असा तो आक्षेप आहे. टेनिस एल्बो या नावाने ओळखले जाणारे कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे सचिन तेंडुलकर यांच्यामुळे घराघरांत माहीत झाले असले, तरी ते प्रामुख्याने अशाच कष्टकरी हातांचे दुखणे आहे. त्यावरच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने पहिले काही आठवडे निश्चित आराम पडतो. परंतु ऑस्ट्रेलियातील १६५ रुग्णांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात दुखणे उलटण्याचे प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांत ५४ टक्के, तर औषधहीन इंजेक्शन घेतलेल्यांत १२ टक्के आढळले. ज्याचे पोट हातावर आहे त्याला आजचा आराम देऊन वर्षभराचे दुखणे माथी मारणे, ही माणुसकी म्हणता येणार नाही. अशा रुग्णाला काम सोडायला न सांगता कामातला भार वाटून कसा घ्यावा, अवजाराची मूठ जाड कशी करावी, वजन उचलताना तळहात वर कसा ठेवावा आणि घरातल्या पाण्याच्या बाटलीने मनगटाचा व्यायाम कसा करावा, हे शिकवता येते. त्यासाठी यंत्र लागत नाही. लागतो तो डॉक्टरचा वेळ, आणि सध्याच्या व्यवस्थेत नेमक्या त्या वेळेचे मोल कोणी देत नाही.

मात्रेचा प्रश्न सर्वाधिक तीव्र होतो तो खेळाडू मैदानात परत कधी जाणार, हे ठरवताना. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध, जो एसीएल या नावाने ओळखला जातो, तो कबड्डीत आणि कुस्तीत पायाला पीळ बसून तुटतो आणि शस्त्रक्रियेने नवा बसवला तरी गुडघा खेळाला सिद्ध होण्यास बहुधा नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो. ओस्लो आणि डेलावेअर येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की ताकदीच्या आणि उडीच्या कसोट्या उत्तीर्ण न होता जोखमीच्या खेळात परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना गुडघ्याची पुन्हा दुखापत झाली, तर उत्तीर्ण होऊन परतलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांहून कमी होते. परंतु अंतिम सामना कसोट्यांसाठी थांबत नाही. प्रशिक्षक, संघमालक, पालक आणि बहुतेक वेळा स्वतः खेळाडू डॉक्टरवर दबाव आणतात, आणि डॉक्टरचे वेतन संघच देत असेल तर त्याची निष्ठा कोणाशी, हा प्रश्न टोकदार होतो. इंग्लंडमधील चेल्सी फुटबॉल क्लबच्या डॉक्टर इव्हा कार्नेरो ऑगस्ट २०१५ मध्ये पंचांच्या बोलावण्यावरून पडलेल्या खेळाडूकडे धावल्या, म्हणून व्यवस्थापकाने त्यांच्यावर जाहीर टीका केली आणि त्यांना क्लब सोडावा लागला. पुढच्या वर्षी क्लबने बिनशर्त माफी मागून त्यांनी नियमांचेच पालन केल्याचे मान्य केले. या प्रकरणाचा धडा असा, की वैद्यकीय निर्णय संघाच्या व्यवस्थापनाच्या अधिकारकक्षेबाहेर असल्याची लेखी हमी नसेल, तर डॉक्टरचे ज्ञान कितीही पक्के असले तरी ते खेळाडूचे रक्षण करू शकत नाही.

भार क्रमाक्रमाने चढवण्याचे शहाणपण मराठी मातीला परके नाही. तालमीत नव्या पोराला वस्ताद लगेच जोडीला उभा करत नाही. जोर-बैठकांची संख्या हळूहळू वाढवतो, आखाडा खणायला लावतो, अंग तयार झाल्यावरच डाव शिकवतो. मात्र दुखापत झाल्यानंतर काय करावे, याची शास्त्रशुद्ध परंपरा आपल्याकडे उभी राहिली नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवणारे खाशाबा जाधव गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढच्या ऑलिंपिकला मुकले. २०१६ मध्ये रिओ येथे गुडघा दुखावून आखाड्यातून उचलून न्याव्या लागलेल्या विनेश फोगट यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. या साठ वर्षांत वैद्यक बदलले, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आणि दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातील क्रीडा-दुखापत केंद्र यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या, पण त्यांचा लाभ प्रामुख्याने निवड झालेल्या खेळाडूंपर्यंत पोहोचतो. तालुक्याच्या मैदानावर एका संध्याकाळी तीन सामने खेळणाऱ्या कबड्डीपटूच्या वाट्याला अजूनही हाडवैद्याची पट्टी, औषधाच्या दुकानातली गोळी आणि ‘आता खेळ सोड’ हा सल्ला एवढेच येते.

म्हणून या शाखेचा विस्तार केवळ महानगरांतील रुग्णालयांत नवे विभाग उघडून होणार नाही. तिचे मुख्य औषध स्वस्त आहे, साठवावे लागत नाही आणि शिकवून पसरवता येते. शाळेतील क्रीडाशिक्षक, तालमीतील वस्ताद, भरतीपूर्व प्रशिक्षण देणारे प्रशिक्षक आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी यांना भार मोजण्याची, तो वाढवण्याची आणि धोक्याची लक्षणे ओळखण्याची मूलतत्त्वे शिकवणे हे या तज्ज्ञांचे यापुढचे काम मानले पाहिजे, आणि शासनाने त्यासाठी त्यांचा वेळ विकत घेतला पाहिजे. ज्या समाजाचे बहुसंख्य लोक शरीराच्या बळावर पोट भरतात, त्या समाजात शरीरावरच्या भाराचे शास्त्र हे मूठभर खेळाडूंसाठी राखून ठेवण्याचे ज्ञान नव्हे. ते सार्वजनिक आरोग्याचे ज्ञान आहे, आणि त्याची तरतूदही त्याच हक्काने मागितली गेली पाहिजे.