खर्ज आणि शिसव

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण बोटीवरच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. गेल्या पावसाळ्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या पिशवीत लाकडाचे सात-आठ तुकडे होते; काडेपेटीहून थोडे मोठे, एका अंगाने रंधा मारलेले आणि तेल पुसलेले. अमेरिकेतील एका छोट्या कारखान्याकडून स्वतःच्या हाताच्या मापाचा बेस बनवून घेण्याचे त्याने ठरवले होते आणि कोणता भाग कोणत्या लाकडाचा हवा, हे त्याने कळवायचे होते. त्याच्या आईला या साऱ्यातला एकच आकडा कळला होता. तेवढ्या रकमेत घराची कौले उतरवून नवे छप्पर झाले असते. "फादर, लाकडाला एवढे पैसे असतात का हो?" असे तिने आम्हांला सरळ विचारले. मुलाचा प्रश्न निराळा होता. नेकवरची पट्टी शिसवाची घ्यावी की मेपलची?

आम्हांला दोन्हींचे उत्तर ठाऊक नव्हते. पुढे काही महिने या विषयात जे वाचायला आणि ऐकायला मिळाले, त्यावरून आम्हांला असे वाटू लागले की मायलेकांचे प्रश्न वरवर वेगळे असले तरी मुळात एकच आहेत. जो फरक कानाला पटवून देता येत नाही, त्याची किंमत मागणे आणि ती मोजणे हा व्यवहार कितपत सचोटीचा आहे?

लग्नाच्या मांडवात किंवा गायकवृंदाच्या बाजूला हे वाद्य बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. ऐकले असेलच असे नाही, कारण खर्ज कानापेक्षा छातीला अधिक जाणवतो. चार तारांपैकी सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. तारेची मोकळी लांबी बहुधा ३४ इंच असते. वाद्यवृंदातला खर्ज पूर्वी माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसवर वाजवला जाई. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन' बेस बाजारात आणला आणि ते ओझे वादकाच्या खांद्यावरच्या पट्ट्यात मावले. त्याची बॉडी अ‍ॅशच्या लाकडाची होती आणि नेक मेपलची. १९५६ च्या सुमारास बॉडीसाठी ऑल्डर आले. त्या दशकाच्या अखेरीस नेकवर शिसवाची पट्टी बसू लागली. फेंडर हे गिटारवादक नव्हते. त्यांचे मूळ दुकान रेडिओ दुरुस्तीचे. मुबलक मिळावे, यंत्रावर नीट कापले जावे, रंग चांगला घ्यावा, असा त्यांचा साधा हिशेब होता. आज ज्या लाकडांच्या नादाची स्तोत्रे गायिली जातात, ती अशी व्यवहारातून निवडली गेलेली आहेत.

स्तोत्रे सुरू झाली ती पुढे. १९६९ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात अलेम्बिक ही कंपनी निघाली. तिने अक्रोड, मेपल आणि जांभळ्या गाभ्याचे पर्पलहार्ट यांचे थर चिकटवून, बॉडीच्या आरपार जाणाऱ्या नेकचे, दागिन्यासारखे बेस घडवले. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फोडेरा आले. अशा कारखान्यांना 'बुटीक' म्हणण्याची रीत पडली. गिऱ्हाईक येथे तयार वाद्य उचलत नाही. तो लाकूड निवडतो, मापे देतो आणि वाट पाहतो. निवडताना त्याच्यापुढे विशेषणांची परडी ठेवली जाते. अ‍ॅश मोकळे, ऑल्डर समतोल, महोगनी उबदार, मेपल लख्ख. त्या तरुणाने आमच्या ओट्यावर बसून एकेका तुकड्यावर टिचकी मारून दाखवली. खरोखरच प्रत्येकाचा आवाज निराळा होता. मेपल टणकन बोलले, महोगनीने दबक्या आवाजात उत्तर दिले. आम्ही मनोमन पटलोही.

परंतु बेस गिटारवर कोणी टिचकी मारत नाही. तारांखाली जो पिकअप असतो, तो म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि गुंडाळीत वीज उमटते. तीच पुढे ध्वनिवर्धकात जाते. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही. त्याला फक्त तार कळते. व्हायोलिनमध्ये लाकडाचे पातळ फळे स्वतः थरथरून हवा हलवतात. भरीव बॉडीच्या बेसमध्ये तसे काही घडत नाही. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी ग्रॅफाइट आणि राळ यांच्या मिश्रणाचा, लाकडाविना बेस बनवला आणि नामवंत वादकांनी तो आनंदाने हाती घेतला.

म्हणून लाकडाचे काहीच चालत नाही, असे म्हणणे मात्र उतावीळपणाचे ठरेल. तार जिथे टेकते ती दोन्ही टोके अढळ नसतात. नेक लांब व सडपातळ असतो, तोही तारेबरोबर डोलतो आणि एखाद्या स्वराला त्याचे डोलणे नेमके जुळले की तारेची शक्ती तोच पिऊन टाकतो. तो स्वर छेडताच विझतो. वादक याला 'डेड स्पॉट' म्हणतात. सर्वांत बारीक तारेवर, पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास, तो पुष्कळ बेसमध्ये सापडतो. नेकचा ताठपणा आणि वजन बदलले की ही जागा सरकते. तेव्हा नेकचे लाकूड कसे चिरले आहे, त्याचे रेषे सरळ आहेत की वळलेले, ते पुरेसे वाळले आहे की नाही, या गोष्टींना अर्थ आहे. बॉडीच्या लाकडाला त्यामानाने फार थोडा. मात्र वजनाला अर्थ आहे: रोज रात्री चार तास उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हलके अ‍ॅश आणि जड मेपल यांतला फरक पुराव्यावाचून कळतो. बाकी आवाजाचा मोठा वाटा तारा नव्या की जुन्या, पिकअप कुठे बसवला आणि बोटे कशी पडतात, यांचा.

कानाची परीक्षा घेतली गेली आहे. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी एकाच घडणीच्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा. त्यांत दुर्मिळ ब्राझिली शिसव होते, तसेच स्वस्तातले सापेलेही. ५२ वादकांनी त्या वाजवल्या, पण कोणती कशाची आहे ते त्यांना दिसू दिले नाही. महाग लाकडाला स्वस्त लाकडापेक्षा म्हणण्याजोगे अधिक गुण मिळाले नाहीत. या गिटारी पोकळ होत्या, म्हणजे ज्यांत लाकूड प्रत्यक्ष बोलते अशा. वरचा फळा मात्र सर्वांना सारखाच होता आणि तोच अधिक बोलतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात विक्रीच्या नीतीविषयी जे लिहिले, ते सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. या निमित्ताने ते पुन्हा काढले. वस्तू देऊन टाकण्याने विकणाऱ्याची खरी हानी होत असेल, तर त्याने तेवढे अधिक मागावे. परंतु घेणाऱ्याला ती वस्तू फार हवी आहे, एवढ्याच कारणास्तव किंमत चढवू नये. कारण ती गरज घेणाऱ्याची आहे आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. त्याचप्रमाणे वस्तूतला लपलेला दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. आम्ही हे माप या वाद्याला लावून पाहिले. लाकूड वर्षानुवर्षे वाळवत ठेवणे, शंभरांतून एक फळी निवडणे, पडदे एका पातळीत घासणे, हे सारे कारागिराचे आहे आणि त्याचे त्याने भरपूर मोल घ्यावे. बोटीवर एकट्याने रात्री जागणाऱ्या मुलाच्या मनात आपल्या हातून निघेल अशा एका स्वराची जी ओढ आहे, ती मात्र कारागिराची नव्हे. 'या अक्रोडाने तुमचा खर्ज खोल होईल' असे म्हणून जेव्हा तो जादा पैसे लावतो, तेव्हा तो बहुधा मुलाची ओढच मुलाला विकत असतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. विश्वासाने हात बदलतो. आवडते वाद्य हाती आले की माणूस अधिक वेळ रियाज करतो, अधिक मन लावून ऐकतो आणि अखेरीस खरोखरच बरे वाजवतो. मग ती विशेषणे खोटी असून बिघडले कोठे? आमचे म्हणणे असे की, ते वाद्य आवडायला त्या विशेषणांची गरजच नव्हती. अक्रोडाच्या रेषांवर प्रकाश कसा फिरतो, हे पाहून ते हवेसे वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. सुंदर आहे म्हणून घेतले, असे सांगण्याचे धैर्य आपल्याला होत नाही. पैसा बराच गेला असला की उपयोगाची साक्ष काढावीशी वाटते. त्या साक्षीपायी जे होते, ते कारखान्याच्या भिंतीपाशी थांबत नाही.

आबनुसाचे घ्या. बेसची पट्टी काळीकुट्टच हवी, असा आग्रह पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. २०११ मध्ये टेलर या अमेरिकी गिटार कंपनीने एका स्पॅनिश भागीदारासह कॅमेरूनमधील आबनुसाची गिरणी घेतली, तेव्हा त्यांना कळले की झाड तोडल्यावर आतून करडे-तपकिरी पट्टे निघाले तर तोडणारे ते तिथेच रानात टाकून देत. एक काळे झाड मिळावे म्हणून सुमारे दहा तोडली जात, असे बॉब टेलर यांनी सांगितले. पट्टेदार लाकूड तेवढेच टणक आणि वाद्याला तेवढेच योग्य. उणीव काय ती रंगाची होती! ब्राझिली शिसवाचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद आहे. २०१७ मध्ये आपल्या सह्याद्रीतल्या शिसवासह त्या कुळातील इतर साऱ्या झाडांवर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली. आपल्या वाडवडिलांच्या घरांत शिसवी पलंग आणि पेटारे असत, ते शंभर वर्षे टिकले. म्हणून या लाकडाविषयी आपल्याला आपुलकी आहे. त्याच शिसवाच्या पट्ट्या जगभरच्या गिटारींवर बसल्या आहेत, हे मात्र आमच्या गावी नव्हते. अ‍ॅशचे दुखणे निराळे: आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि त्याने अमेरिकेतील कोट्यवधी झाडे मारली. २०२० मध्ये फेंडर कंपनीने आपल्या नेहमीच्या वाद्यांतून अ‍ॅश जवळजवळ काढून टाकले. आवाज बिघडला म्हणून कोणी दुकाने बंद केल्याचे ऐकिवात नाही.

आम्ही त्या तरुणाला नको म्हटले नाही. सुताराला रंधा, तसे त्याला हे वाद्य. त्यावर त्याचे घर चालते. आम्ही त्याला एवढेच सुचवले की कागदाच्या दोन बाजू कराव्यात. एका बाजूला हाताला, खांद्याला आणि स्वराला जे लागते ते. दुसऱ्या बाजूला डोळ्याला जे आवडते ते. दोन्हींच्या किमती आईसमोर मोठ्याने वाचाव्यात. त्याने तसे केले. पहिल्या बाजूला सरळ रेषांचा मेपल नेक, हलकी ऑल्डर बॉडी आणि चांगला पिकअप आला. दुसऱ्या बाजूला दर्शनी अक्रोडाचा थर, काळ्या आबनुसाची पट्टी आणि पडद्यांमधली शिंपल्याची नक्षी. दुसरी बाजू पहिलीपेक्षा फार लहान नव्हती. आई काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "ते अक्रोडाचं राहू दे. पोरानं एवढं तरी बघून घ्यावं." आबनूस त्याने पट्टेदार मागवले. नक्षी खोडली. छप्पर यंदा अर्धेच झाले; स्वयंपाकघराच्या बाजूचे.

नवा बेस अजून यायचा आहे. जुना त्याने जाताना गायकवृंदाला देऊन टाकला. त्याच्या बारीक तारेवर सहाव्या पडद्याचा स्वर पहिल्यापासून विझतो. आता तो वाजवणारी दहावीतली मुलगी त्या जागी आली की हात वर सरकवते आणि तोच स्वर शेजारच्या तारेवर अकराव्या पडद्यावर घेते. ही युक्ती तिला कोणी शिकवली, हे विचारायचे आमच्याकडून राहून गेले.