ग्रीस कुठे लावायचे?

कर्जतहून खंडाळ्याकडे जाणारा बोरघाट म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट चढ. गाडी वर न्यायला जादा बँकर इंजिने जोडावी लागतात. एवढा सगळा जोर रुळावर टेकतो तो प्रत्येक चाकाखालच्या जेमतेम नाण्याएवढ्या जागेवर. पाऊस भुरभुरला की पकड सुटते ती नेमकी तिथे. चाक जागच्या जागी गरगरू लागते आणि लोको पायलट त्याच्यापुढे वाळू सोडतो.

वळणावर याच चाकाची तक्रार उलटी. त्याची कड, म्हणजे फ्लँज, बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला घासते. पोलाद झिजते, इंधन वाया जाते. म्हणून तिथे ग्रीस. उत्तर अमेरिकेतल्या अवजड मालगाड्यांच्या मार्गांवर हा हिशेब आकड्यांत मांडतात: कोरड्या रुळाचा घर्षणांक ०.५ च्याही वर जातो. वॅगनींच्या चाकांखाली, रुळाच्या माथ्यावर, तो ०.३५ च्या आसपास हवा आणि कडेला ०.२५ पेक्षा कमी.

म्हणजे रेल्वे आधी 'कुठे' हे विचारते. आसक्ती-वैराग्याचा वाद मात्र आपल्याकडे 'किती' या प्रश्नाशीच अडून बसतो. थोडे गुंतावे, थोडे अलिप्त राहावे, हा सल्ला मध्यममार्ग म्हणून सर्रास खपतो. चाकाने तो ऐकला तर घाटही चढवणार नाही आणि कडही झिजेल. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी लढवलेली बाजू अशी अर्धीमुर्धी नव्हती. कर्मावर पक्की पकड, फळावर अजिबात नाही. तेही एकाच माणसात, एकाच वेळी.

ऐकायला सोपे. पण कडेला लावलेले ग्रीस कडेलाच राहत नाही. चाकेच ते वाहून माथ्यावर नेतात आणि मग इंजिन घसरते. 'फळ आपल्या हातात कुठे आहे?' असे म्हणत फाइल महिनाभर दाबून ठेवणारा कारकून हा याच जातीचा अपघात. रेल्वे त्यावर ग्रीस बंद करत नाही. मात्रा कमी करते, नळीचे तोंड सरकवते, रुळावरून ढकलत न्यायच्या छोट्या यंत्राने घर्षण पुन्हा मोजते.

संन्यासाला श्रेष्ठ मानणारी शांकर परंपरा यावर म्हणेल, चाक फिरते आहे तोवर हे पसरणे थांबणार नाही; सोडायचे तर कर्मच सोडा. आक्षेप पोकळ नाही. उभ्या गाडीचे चाक झिजत नाही, हे खरेच. फक्त वॅगनींतला कोळसा यार्डातच पडून राहतो. आणि लोकसंग्रहावर एवढा भर देणाऱ्या टिळकांना काळजी होती ती या कोळशाची.