बांध आणि उघाडी

पेण तालुक्यांत धरमतरच्या खाडीकांठीं भातशेतांना मातीचे बांध व त्यांत उघाड्या असतात. भरतीचें खारें पाणी चढलें कीं उघाडीची झडप मिटते. ओहोटीस ती उघडून शेतांतलें पाणी बाहेर पडतें. आमच्या एका तरुण स्नेह्यास घरांत इंटरनेटचें जाळें मांडण्याचा छंद आहे. त्यानें त्यावर अशीच उघाडी बसविली आहे. संकेतस्थळाचें नांव विचारतांच त्याचा अंकांतील पत्ता सांगणारें यंत्र निषिद्ध नांवाला उत्तरच देत नाहीं. 'मुलांना हें कळतहि नाहीं,' असें तो अभिमानानें म्हणाला. आणि तेथेंच आमचें मन अडखळलें.

लहान मुलास अभद्रापासून राखणें हें पित्याचें कर्तव्यच होय. परंतु बांध सर्वांना दिसतो. त्याचें कारण पोरासहि ठाऊक असतें. न दिसणाऱ्या बंधनानें संयम शिकवितां येत नाहीं; मुलगा मोबाइलच्या स्वतंत्र जोडणीवर गेला कीं ती उघाडी व्यर्थ. सरकारालाहि संकेतस्थळ बंद करावयाचें तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमान्वयें कारणें लेखी नमूद करावीं लागतात. मग पित्यानेंच मौन कां धरावें? सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें २०२२ सालीं सायंकाळीं ७ वाजतां भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा नियम झाला. तो भोंगा थोरांनाहि ऐकूं येई, व नियम त्यांनाहि लागू होता.

आमच्या स्नेह्यानें उघाडी काढूं नये. मात्र काय अडविलें व कां, हें मुलांना सांगावें, तेंच बंधन स्वतःहि पाळावें, आणि त्यांची समज वाढेल तशी झडप त्यांच्या हातीं द्यावी.